लमनाय: माया लोक गेले कुठे?

उत्तर बेलीझमधल्या ऑरेंज वॉक शहराजवळून सकाळी बोटी सुटतात. न्यू रिव्हर नदीतून सुमारे दीड तास वरच्या दिशेने गेलं की खाजणासारखं रुंद पात्र लागतं आणि त्याच्या काठी लमनाय या प्राचीन माया शहराचे अवशेष दिसू लागतात. संध्याकाळच्या आत परतता येतं, म्हणून मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्यांची ही आवडती सहल आहे.

वाटेत झाडीतून घुमणारी गर्जना ऐकून मुलं जग्वार समजून दचकतात. ते हाउलर माकड असतं. काठावर ऊन खात पडलेली मोरेले जातीची मगरही शक्यतो माणसाला टाळते. तरी हात बोटीतच ठेवावेत.

इसवी सन ९०० च्या सुमारास माया लोक गूढपणे नाहीसे झाले, हा समज मात्र सहजासहजी जात नाही. नवव्या शतकात टिकालसारखी मोठी शहरं ओस पडू लागली, हे खरं. दुष्काळ आणि युद्धं ही त्याची प्रमुख कारणं मानली जातात. पण टिकालची तहान भागायची ती तलावांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. लमनायच्या दाराशी बारमाही पाणी होतं आणि नदीतून थेट चेतुमाल उपसागरापर्यंत, म्हणजे समुद्री व्यापारापर्यंत, वाट होती. इतर शहरं रिकामी होत असताना इथे चेंडूच्या खेळाचं मैदान बांधलं गेलं. १९७४ पासून इथे उत्खनन करणाऱ्या डेव्हिड पेंडरगास्ट यांना त्या मैदानाच्या मधल्या दगडाखाली, झाकण घातलेल्या भांड्यात चक्क पारा सापडला! पुढच्या काळातल्या तांब्याच्या वस्तूही मिळाल्या. तांबं या भागात मिळत नाही; ते दूर मेक्सिकोकडून आलं होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरू आले आणि त्यांनी चर्च बांधलं, तेव्हाही लमनायमध्ये माणसं राहत होती. १६४१ च्या सुमारास मायांनी बंड करून ते जाळलं.

सुमारे ३३ मीटर उंचीचं ‘हाय टेंपल’ पाहून इजिप्तचे पिरॅमिड आठवतात. पण ते मुख्यतः राजांच्या थडग्यांसाठी होते, तर हे पूजास्थान, आणि जुन्या बांधकामावर नवं चढवत ते वाढवलेलं. ‘मास्क टेंपल’वरचा भव्य चेहरा ही प्रतिकृती आहे. मूळ चुनखडीचं शिल्प तिच्यामागे सुरक्षित आहे. भोवतालचं घनदाट रानही मायांच्या भरभराटीच्या काळी असं नव्हतं. इथे घरं होती, शेती होती.

शहर सुटलं, माणसं उरली. बेलीझमध्ये आज युकाटेक, मोपान आणि केक्ची माया राहतात. शेजारच्या ग्वाटेमालात तर त्यांची संख्या लाखोंच्या घरात आहे. दक्षिण बेलीझमधल्या तोलेदो जिल्ह्यातल्या माया गावांनी आपल्या परंपरागत जमिनीसाठी सरकारविरुद्ध वर्षानुवर्षं खटला लढवला आणि २०१५ मध्ये कॅरिबियन न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला.