परसातील खारींना काय घालावे, काय टाळावे

पेरणी आटोपली की उरलेले भुईमुगाचे बियाणे मुले हौसेने खारींपुढे टाकतात. त्यास थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असेल, तर असे दाणे खारी, पाखरे व कोंबड्यांना कधीही घालू नयेत. बुरशीच्या शेंगाही टाळाव्यात. त्यांवरील अस्परजिलस बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असून भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाही. खारट फरसाण, बिस्किटे, चॉकलेट व कच्चे सोयाबीन देऊ नये.

फळे, बिया, कोवळे कोंब, फुले व किडे हे खारीचे नैसर्गिक खाद्य होय. म्हणून पेरू, पपई, काकडी, गाजर यांच्या फोडी द्याव्यात. बिनमिठाचे, निरोगी शेंगदाणे दोन-चारच पुरेत. दाण्यांत स्फुरद जास्त व कॅल्शियम कमी असते; केवळ त्यांवर पोसल्यास हाडे कमजोर होतात. उन्हाळ्यात उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे.

उरलेले खाद्य सायंकाळी उचलावे, नाहीतर उंदीर येतात. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष खारीही खातात व मरतात. ते उघड्यावर ठेवू नये. फळबागेजवळ मात्र खारींना खाद्याची सवय लावू नये. परसाच्या कडेला उंबर किंवा जांभूळ लावणे हीच त्यांची खरी सोय होय.