मुरूम घासून का जात नाहीत?

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून पुढे केव्हातरी आरशात पाहताना कपाळावर किंवा नाकाच्या बाजूला तांबूस पुटकुळी दिसते. चार दिवसांनी तिच्या शेजारी दुसरी येते. घरचे म्हणतात, "तोंड स्वच्छ धूत जा." वर्गातील एखादा खट्याळ मित्र नको ते बोलून जातो. मग दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावून, खरखरीत पंचाने चेहरा घासण्याचा सपाटा सुरू होतो. तरी पुटकुळ्या जात नाहीत. उलट कातडी लाल होते, चुरचुरते, आणि नव्या पुटकुळ्या येतच राहतात. असे का व्हावे? मळ असेल तर तो धुतल्यावर जायला हवा. तो जात नाही, याचाच अर्थ मुरूम हा मळाचा प्रकार नाही.

बारा ते चोवीस या वयोगटातील शंभरापैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कमी-अधिक प्रमाणात मुरूम येतात. मराठीत त्यांना 'तारुण्यपीटिका' असे नाव आहे ते काही उगीच नव्हे. तेव्हा घासण्यापूर्वी कातडीच्या आत काय चालले आहे, ते पाहू.

तेलाचे छोटे कारखाने

प्रथम एक सोपा प्रयोग करा. पतंगाच्या पातळ कागदाचे दोन तुकडे घ्या. तोंड धुतल्यावर दोन-तीन तासांनी एक तुकडा नाकावर व दुसरा तळहातावर दाबा. दोन्ही तुकडे पाच मिनिटे पंख्याखाली ठेवून उजेडासमोर धरा. तळहाताचा कागद कोरडा दिसेल, कारण घामाचे पाणी उडून गेले. नाकाच्या कागदावर मात्र पारदर्शक डाग राहील. हा डाग तेलाचा आहे.

चेहऱ्याच्या कातडीत, केसांच्या मुळांशेजारी, तेल तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. चेहऱ्यावर दर चौरस सेंटिमीटरमागे त्यांची संख्या चारशे ते नऊशे इतकी असते. तळहात-तळपायांवर त्या नसतात. या ग्रंथींच्या पेशी तेलाने भरतात, फुटतात आणि स्वतःच तेल होऊन बाहेर पडतात. या तेलाला त्वक्‌स्नेह म्हणतात. ते सूक्ष्म छिद्रांतून वर येऊन कातडी मऊ ठेवते.

वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही रक्तात अँड्रोजेन नावाची हॉर्मोने वाढतात. त्यांचा हुकूम मिळताच या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल बनवू लागतात. हा हुकूम रक्तातून, म्हणजे आतून येतो, हे नीट लक्षात ठेवा. साबणाने वरचे तेल निघेल. पण कारखान्याचे काम त्यामुळे थांबणार नाही.

तुंबलेले गटार

जुलै २०१८ मधील पाऊस वसई-विरारचे लोक विसरलेले नाहीत. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि लोकल बंद पडल्या. अशा वेळी रस्ता कितीही झाडला, तरी पाणी ओसरत नाही. पाणी जाण्याची वाट मोकळी व्हावी लागते. मुरमाची गोष्ट अशीच आहे.

छिद्राच्या आतील अस्तराच्या मृत पेशी एरवी एकेक करून सुटतात व तेलाबरोबर बाहेर येतात. वयात येताना त्या एकमेकींना चिकटून राहू लागतात. पेशी आणि तेल यांचे बूच तयार होते आणि छिद्र बंद होते. बुचाचे तोंड उघडे असेल तर ते काळे दिसते. हा काळेपणा धुळीचा नसून कातडीतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि हवेतील ऑक्सिजनाची क्रिया यांमुळे आलेला असतो. म्हणूनच तो घासून जात नाही.

तोंड बंद असेल तर आत तेल साचते. तेथे हवा कमी असते. अशा जागी क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू चांगला वाढतो. हा जंतू निरोगी कातडीवरही असतो; तो बाहेरून आलेला शत्रू नव्हे. मात्र तो फार वाढला की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धाव घेतात. जागा लाल होते, सुजते, दुखते. आता नखाने दाबले तर काय होईल? छिद्राची भिंत आतल्या बाजूला फुटेल आणि सारा ऐवज कातडीत पसरेल. खड्डे आणि डाग पडतात ते बहुधा अशाने.

आणखी एक गोष्ट. डोळ्यांना न दिसणारे बूच तयार होऊन त्याचा मुरूम दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. आज दिसणाऱ्या मुरमाची तयारी मागच्या महिन्यातच झालेली असते. त्यामुळे कोणताही खरा उपाय चार दिवसांत गुण दाखवू शकत नाही.

हळदीची साक्ष

आता साबणाकडे वळू. हळद थोड्या पाण्यात कालवून टीपकागदाच्या पट्ट्या तीत भिजवा आणि वाळवा. अंघोळीचा साबण ओला करून पट्टीवर टेकवा. पिवळी पट्टी तांबडी होईल. साबण अल्कधर्मी आहे, अशी साक्ष हळदीने दिली. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या आसपास असतो. कातडीचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्ल, म्हणजे सामू पाचच्या जवळपास असतो.

कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. वारंवार साबण लावल्याने हा चुना निघून जातो. मग आतले पाणी उडते, कातडी चरचरते आणि मुरमांची सूज वाढते. 'सौम्य' असे लिहिलेला एखादा फेसवॉश घरी असेल तर त्याचीही हळदीने परीक्षा घ्या. पट्टी पिवळीच राहिली तर तो कातडीला अधिक मानवेल.

वसईच्या किनारी गावांत पाण्याचाही विचार करावा लागतो. एका बाटलीत सूर्या धरणातून येणारे नळाचे पाणी आणि दुसरीत विहिरीचे किंवा टँकरचे पाणी घ्या. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. फेस कमी येऊन पांढरट साका जमला, तर ते पाणी दुष्फेन आहे. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक आहेत. हाच चिकट साका चेहऱ्यावरही राहतो. साबणाऐवजी वापरायच्या सौम्य द्रवांचा असा साका होत नाही.

याच कारणाने लिंबू, खाण्याचा सोडा आणि दंतमंजन चेहऱ्यावर लावू नये. लिंबाचा रस अतिशय आम्ल असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते. सोडा आहे अल्कधर्मी, आणि दंतमंजन दातांसाठी केलेले असते.

साधा दिनक्रम

मग करायचे तरी काय? थोडेच, पण नियमाने.

सकाळी व रात्री, असे दोन वेळा साध्या किंवा कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. बोटांनीच हलके चोळावे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका छोट्या चाचणीत तरुणांना दिवसातून एकदा, दोनदा व चारदा चेहरा धुवायला सांगितले होते. दोनदा धुणाऱ्यांत थोडी सुधारणा दिसली; चारदा धुण्याने अधिक फायदा झाला नाही. दुपारच्या दमट हवेत, खेळून किंवा गर्दीच्या लोकलमधून आल्यावर घाम नुसत्या पाण्याने धुतला तरी पुरे.

धुतल्यावर पाण्याचा अंश अधिक असलेले हलके मॉइश्चरायझर लावावे. तेलकट कातडीलाही ओलावा लागतोच. वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रे न बुजवणारे, असे लिहिलेले पाहून घ्यावे. दिवसा उन्हात जायचे असेल तर एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. आपल्या सावळ्या कातडीवर मुरमामागे राहणारे डाग उन्हाने अधिक गडद होतात.

नारळाच्या बागांच्या या मुलखात डोक्याला खोबरेल लावण्याची चाल जुनी आहे. ती मोडायची गरज नाही. पण तेल कपाळावर उतरू देऊ नये आणि न्हाण्याआधी तास-दोन तास लावून मग केस धुवावेत. केसांना नेहमी तेलकट पोमेड लावणाऱ्यांच्या कपाळावर व कानशिलांवर मुरूम येतात, हे प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच दाखवले होते. उशीचा अभ्रा आठवड्याला बदलावा.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. बेंझॉइल पेरॉक्साइड हे त्यांपैकी एक. ते ऑक्सिजनाच्या क्रियाशील रूपांनी जंतू मारते आणि जंतू त्याला सरावत नाहीत. अडीच टक्क्यांचे मलम दहा टक्क्यांच्या मलमाइतकेच उपयोगी पडते आणि कमी चुरचुरते. पातळ थर, सुरुवातीला एक दिवसाआड, आणि तोही केवळ पुटकुळीवर न लावता मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर लावावा. कपड्यांना मात्र जपा, त्यांचा रंग उडतो! ॲडापॅलीनसारखे दुसरे औषध बूच तयार होण्यालाच अडवते. दोन्हींना आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

झटपट गुणाचा सापळा

ज्यांना इतका धीर नसतो, त्यांच्यासाठी दुकानात एक धोका मांडलेला असतो. कोणीतरी सांगते, "हे मलम लाव, चार दिवसांत चेहरा साफ." आणि खरोखरच चार दिवसांत लाली जाते! अशा मलमात बहुधा स्टिरॉइड असते. ते सूज दाबते, बूच काढत नाही. महिने उलटल्यावर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मुरूम दुपटीने परत येतात. मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका पाहणीत, चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड मलम लावत असल्याचे आढळले. त्यांना झालेल्या अपायांत मुरूम येणे किंवा वाढणे हाच सर्वांत मोठा होता. पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तेव्हा नळीवरील बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ती नळी मनाने चेहऱ्याला लावू नका. कोणी आधीपासूनच लावत असेल, तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांना विचारावे.

खोल, दुखणाऱ्या गाठी आल्या, खड्डे पडू लागले, छाती-पाठीवर मुरूम पसरले किंवा मुलींची मासिक पाळी अनियमित असली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. त्वचारोगतज्ज्ञ जवळ नसतील तर विरारहून लोकलने मुंबई सेंट्रल गाठता येते. तेथील नायर रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

आता एक वही करा. दर रविवारी, त्याच वेळी व त्याच उजेडात, कपाळ, गाल आणि हनुवटीवरील पुटकुळ्या मोजून लिहा. रोज आरशात पाहून मन खाली-वर होते; बारा आठवड्यांचे आकडे मात्र उपाय लागू पडतो की नाही, ते सरळ सांगतील. आणि वर्गात कोणी एखाद्याला मुरमांवरून "तोंड धूत नाहीस का?" असे विचारले, तर त्याला हळदीची पट्टी दाखवा आणि हा सारा खुलासा करून सांगा.