बोअर साठ मीटर खोल, पण पाणी कुठून आलं?



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर बोअरची खोली, उभ्या अक्षावर पाण्यातलं फ्लोराइड. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गावांतले नमुने होते, उन्हात फिरून गोळा केलेले. ठिपके सगळीकडे विखुरले होते, तरी मी त्यातून एक रेघ ओढलीच. गाइडनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हे पाणी किती खोलीवरून आलंय?"

"साठ मीटर, सर."

"ती भोकाची खोली झाली. मी पाण्याची विचारतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भूजलावर काम करायचं असेल तर भोक कसं पाडलंय हे कळल्याशिवाय त्यातल्या पाण्याबद्दल काहीच बोलता येत नाही, हे तेव्हा कळलं. म्हणून आज दोन पद्धती समजून घेऊ: पाइप ठोकून केलेली विहीर आणि गाडीने पाडलेली बोअर.

आधी जमीन बघा

आपल्या दोन जिल्ह्यांत जमीन एकसारखी नाही. गडचिरोलीचा बराच भाग नाइस आणि ग्रॅनाइट या फार जुन्या, कठीण खडकांचा. वर थोडी माती, मग मुरूम, मग भेगा असलेला खडक. दक्षिणेला सिरोंच्याकडे गोंडवाना वालुकाश्म लागतो. चंद्रपुरात वर्धा खोऱ्यात कोळशाचे थर असलेला गोंडवाना, राजुरा-कोरपना भागात चुनखडक, पश्चिमेला काळा बेसाल्ट. आणि वैनगंगा, वर्धा, प्राणहिता यांच्या काठाने रेती-गाळाचे पट्टे.

पाइप हाताने ठोकायचा तर जागा या शेवटच्या पट्ट्यांतच. बाकी ठिकाणी घण कितीही मारा, खडक हलत नाही.

पद्धत पहिली: ठोकून बसवलेला पाइप

कल्पना साधी आहे. खाली पोलादी अणकुचीदार टोक, त्याच्या वर भोकं पाडून जाळी बसवलेला तुकडा, त्यावर साधारण ३२ ते ५० मिलीमीटर व्यासाचे पाइप सॉकेटने जोडत जायचे आणि वरून ठोकायचं. १८६७-६८ मध्ये मुंबईहून ब्रिटिश फौज अॅबिसिनियाच्या मोहिमेवर गेली, तेव्हा असे पाइप सोबत होते. म्हणून इंग्रजीत याला अजून 'अॅबिसिनियन' विहीर म्हणतात.

करताना क्रम असा:

१. वरची चिकण माती हाताच्या ऑगरने आधी काढून घ्या. नाहीतर ती जाळीत बसते आणि खाली पाणी असूनही वर येत नाही.

२. पाइपच्या उघड्या तोंडावर कधीही ठोकू नका. वर जाड लोखंडी टोपी बसवा. मी पहिल्या दिवशी टोपी विसरले होते. दहा मिनिटांत आटे चेपले, पुढचा पाइप जोडता येईना.

३. घणापेक्षा पाइपवर सरकणारं वजन बरं. घाव सरळ बसतो, पाइप वाकत नाही.

४. थोड्या थोड्या घावांनी सांधे पुन्हा आवळा. धक्क्यांनी ते सैल होतात आणि मग आटे तुटतात.

५. दर दहा सेंटिमीटरला किती घाव लागले ते वहीत लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. या पद्धतीत माती वर येत नाही, त्यामुळे खाली काय आहे याचा एवढाच पुरावा हाती राहतो.

६. अधूनमधून पाइपमध्ये पाणी ओतून बघा. झटकन उतरलं तर जाळी रेतीत आहे. तसंच उभं राहिलं तर चिकण मातीत आहे किंवा जाळी बुजली आहे.

७. शेवटी पाणी स्वच्छ येईपर्यंत उपसा आणि पाइपभोवतीची पोकळी वरून नीट बंद करा.

वैनगंगेकाठी आमचा पहिला पाइप तीन मीटरवर अडला. मी जिद्दीने ठोकत राहिले आणि टोक वाकवून बसले. सोबतचे काका म्हणाले, "ताई, थो गोटा नाही, खालचा खडक हाय." मला पटेना. चार मीटर बाजूला दुसरा पाइप ठोकला, तोही जवळपास तेवढ्याच खोलीवर अडला. मग पटलं. सुटा गोटा असता तर दुसरा पाइप त्याला चुकवून गेला असता. दिवसभर ज्याला 'अपयश' म्हणत होते, ती खडकाच्या माथ्याची खोली होती आणि मला ती फुकटात मिळाली होती.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. वर बसवलेला साधा हातपंप हवेच्या दाबावर चालतो. तो दाब पाणी जास्तीत जास्त दहा मीटर उचलतो, प्रत्यक्षात सात मीटरच धरा. पातळी त्याखाली गेली की पंप नुसता हवा ओढतो.

पद्धत दुसरी: डीटीएच, म्हणजे बोअरची गाडी

कठीण खडकात हातोडा वर ठेवून भागत नाही, तो भोकात खाली न्यावा लागतो. डीटीएचमध्ये हेच होतं. कॉम्प्रेसरची हवा दांड्यांमधून खाली जाते, तळाचा हातोडा टंगस्टन कार्बाइडच्या बटणांचं बिट खडकावर आपटतो आणि तीच हवा चुरा वर फेकते. युनिसेफने १९६७ च्या सुमारास दुष्काळी भागांसाठी अशी यंत्रं भारतात आणली. जे काम हाताने करायला आठवडे लागायचे ते एका दिवसावर आलं. मग प्रश्न पंपाचा आला, कारण बिडाचे जुने पंप लवकर मोडायचे. जालना आणि सोलापूरच्या कार्यशाळांत दणकट पंप तयार झाले आणि त्याच अनुभवातून पुढे 'इंडिया मार्क टू' आला. गावात आपण जी हापशी बघतो ती हीच.

माझा आलेख इथेच फसला. बोअरमध्ये माती-मुरुमापुरतं केसिंग असतं, खाली भोक उघडं. त्या उघड्या भागात जिथे जिथे पाण्याची भेग असेल, तिथून पाणी येऊन मिसळतं. ठोकलेल्या पाइपची जाळी जेमतेम एक मीटरची, म्हणून पाणी कुठलं ते ठाऊक असतं. बोअरच्या नमुन्यात मात्र सगळ्या भेगांची मिसळ येते.

त्यामुळे 'खोली' हा एक आकडा नाही, पाच आहेत: भोकाची एकूण खोली, केसिंगची खोली, पाणी लागलं ती खोली, पंपाचं सिलिंडर टांगलंय ती खोली, आणि पाण्याची स्थिर पातळी. मी फक्त पहिला घेतला होता, आणि फ्लोराइडशी सगळ्यात कमी संबंध त्याचाच होता.

नमुना कधी घ्यायचा?

आता थोडं गणित. १५० मिलीमीटर व्यासाच्या बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी मावतं. पाण्याचा स्तंभ ५० मीटर असेल तर जवळजवळ ८८५ लिटर. साचलेलं पाणी निघून ताजं यावं म्हणून स्तंभाच्या तिप्पट उपसा करावा असं पुस्तकं सांगतात. म्हणजे २,६५० लिटर. हापशी मिनिटाला १२ लिटर देते असं धरलं तर पावणेचार तास.

मे महिन्यात बायका गुंड घेऊन रांगेत उभ्या असताना तुम्ही इतकं पाणी जमिनीवर सोडणार? मी नाही सोडू शकले. उपाय सोपा निघाला. सकाळी गावाचं पाणी भरून झालं की जायचं. उपसा गावाने केलेलाच असतो. मग पाण्याचं तापमान आणि विद्युतवाहकता मोजत राहायचं आणि दोन्ही स्थिर झाली की बाटली भरायची.

आलेखाचं पुढे काय झालं

मी त्याच गावांत परत गेले. या वेळी बोअर पाडताना हजर असलेल्यांना शोधलं. एका हापशीबद्दल कळलं, "सत्तर फुटांवर पाणी लागलं, खाली दोनशेपर्यंत कोरडा दगड." माझ्या वहीत ही हापशी साठ मीटरची होती, पण पाणी एकवीस मीटरवरचं होतं. अशा आठवणी किमान दोघांकडून पडताळून घेतल्या. जिथे नोंद मिळाली नाही ते ठिपके काढून टाकले. आलेख लहान झाला, रेघ गेली.

त्या गावाचा मला विचारलेला प्रश्न साधा होता: कोणत्या हापशीचं पाणी प्यायचं? भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. माझ्या जुन्या रेघेवरून मी सांगितलं असतं, 'उथळ बोअरचं प्या.' ते उत्तर चुकीच्या आकड्यावर उभं होतं. उथळ पाणी खडकात कमी काळ राहतं म्हणून त्यात फ्लोराइड बऱ्याचदा कमी असतं हे खरं, पण त्यात जंतू आणि नायट्रेट शिरण्याची भीती जास्त. म्हणून शेवटी प्रत्येक हापशीचा निकाल वेगळा लिहून दिला, जंतूंच्या तपासणीसकट.

तुम्ही फील्डवर निघाल तेव्हा वहीत ते पाच रकाने आधी आखा. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा, अंदाजाने भरू नका. वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी आणि ग्रामसभेची संमती पाइप ठोकण्याआधी घ्या. आणि काम संपल्यावर पाइप उघडा सोडू नका, काढून भोक चिकण मातीने बुजवा. उघड्या पाइपातून वरची घाण सरळ भूजलात उतरते, आणि ते पाणी गावाला प्यायचं असतं.