परयंत्रासाठीं लिहिलेल्या आज्ञा

आपल्या पहूरच्या शिवारांत विहिरीवरील पंपापाशीं हल्लीं एक लहानशी पेटी दृष्टीस पडते. रात्रीं वीज आली कीं शेतकरी घरूनच मोबाइलवर तिला खूण करतो व पंप सुरू होतो. त्या पेटींत नखाएवढा संगणक असतो. त्यास ना पडदा, ना कळफलक. मग त्यास आज्ञा लिहून द्यावयाच्या कशा?

मनुष्य बहुधा सी नांवाच्या भाषेंत लिहितो, व कंपायलर नांवाचा प्रोग्रॅम तें लिखाण यंत्राच्या आज्ञांत उतरवितो. परंतु कंपायलर स्वतःच अवाढव्य. हिताचीच्या एच८/३०० ह्या चिमुकल्या प्रोसेसरास अवघ्या ६४ किलोबाइट स्मृतीचे पत्ते ठाऊक. तेथें कंपायलर मावावा कसा? म्हणून भाषांतर टेबलावरील मोठ्या संगणकावर होतें, आणि आज्ञा उतरतात त्या मात्र परक्या यंत्राच्या बोलींत. केरीचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालांत श्रीरामपुरास छापिलें गेलें, त्यांतलाच हा प्रकार. अशा कंपायलरास क्रॉस-कंपायलर म्हणतात.

तो एकटा पुरत नाहीं. आज्ञांचे अंक करणारा असेंब्लर, तुकडे जोडून प्रत्येकास स्मृतींत जागा नेमून देणारा लिंकर, व नित्य लागणाऱ्या क्रियांची लायब्ररी मिळून जी साखळी होते ती टूलचेन. ती बांधतांना मौजेची अडचण येते. लायब्ररी घडविण्यास कंपायलर हवा, आणि पुरा कंपायलर घडविण्यास लायब्ररी हवी! तोड अशी कीं, असेंब्लर व लिंकर सिद्ध झाल्यावर प्रथम उघडाबोडका कंपायलर करावयाचा, त्याच्याकडून न्यूलिबसारखी आटोपशीर लायब्ररी घडवून घ्यावयाची, आणि मग तिच्या आधारें कंपायलर पुन्हां बांधावयाचा.

हें काम परदेशींच होतें असें नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेला जीसीसी कंपायलर कोणासही फेरफार करण्यास मोकळा आहे. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनींतील अभियंत्यांनीं त्यापासूनच एच८ व एसएच ह्या जपानी प्रोसेसरांकरितां साखळ्या बांधून विनामूल्य दिल्या होत्या.

एसएचमध्यें एक पेंच आहे. तो संख्येचे बाइट दोन्ही क्रमांनीं वाचूं शकतो, व कोणत्या क्रमानें वाचावयाचे तें मंडल बांधणारा ठरवितो. १ व २ हे बाइट एका क्रमानें २५८ होतात, उलट वाचले तर ५१३. आज्ञाही अशाच उलट होतात. म्हणून लायब्ररी दोन्ही क्रमांची वेगवेगळी घडवावी लागते. सगळाच प्रोग्रॅम चुकीच्या क्रमानें बांधला तर टेबलावरील संगणक कुरकुरही करीत नाहीं. मुकी राहते ती पेटी, आणि शेतकऱ्यास अंधारांत विहिरीची वाट धरावी लागते.

ज्यास हात घालावयाचा असेल त्यानें एआरएम प्रोसेसरापासून आरंभ करावा. त्याची साखळी आयती मिळते. तिचें नांव आर्म-नन-ईएबीआय. पहिला शब्द प्रोसेसराचा. दुसऱ्याचा अर्थ, तेथें ऑपरेटिंग सिस्टिम नाहीं. तिसरा, तुकड्यांनीं परस्परांस हांक मारण्याचा ठरीव करार.