परक्या कोडला मर्यादा घालताना
लेखमाला ‘आपला सर्व्हर’ : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण उबुंटू सर्व्हरवर पासवर्डने होणारे लॉगिन बंद केले. बाहेरचा माणूस आता आत येणार नाही. पण बाहेरच्या माणसाचा प्रोग्राम आपणच आत घेतला तर? आजचा विषय हा आहे, आणि त्यासाठी डॉकर बसवायचे आहे.

असे मुद्दाम करणारी एक प्रणाली पवईची आहे. आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाने प्रा. प्रभू रामचंद्रन यांच्या पुढाकाराने ‘यक्ष’ ही ऑनलाइन परीक्षा-प्रणाली घडवली. विद्यार्थी ब्राउझरमध्ये पायथन, सी किंवा जावात उत्तर लिहितो आणि सर्व्हर तो कोड लगेच चालवून निकाल देतो. त्यात एखाद्याचे लूप कधी थांबतच नाही, एखादा फायली पुसून पाहतो. म्हणून यक्षमध्ये प्रश्न दाखवणारा भाग निराळा आणि कोड तपासणारा निराळा. हा दुसरा भाग डॉकरच्या कंटेनरमध्ये सुरू होतो. तो कंटेनरविना चालवायचा असेल, तर आज्ञेला ‘अनसेफ’ हा पर्याय स्वतःच्या हाताने जोडावा लागतो. धोका पत्करणाऱ्याने तो जाणूनबुजून पत्करावा, हा त्यामागचा शहाणपणा.

डॉकर २०१३ साली आले, पण त्याचा पाया लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीच होता. नेमस्पेसमुळे कंटेनरमधल्या प्रोग्रामला फक्त स्वतःच्या प्रोसेस, फायली आणि नेटवर्क दिसते. २००८ साली कर्नलमध्ये आलेले सीग्रुप मेमरी आणि सीपीयू मोजून देते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. होस्टेलमध्ये प्रत्येक खोलीला कुलूप असते, पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच. डॉकर कुलूप आपणहून लावते. पाणी किती द्यायचे ते आपण सांगावे लागते. न सांगितल्यास एकच कंटेनर सर्व्हरची सगळी मेमरी खाऊ शकतो.

बसवण्याचे काम दहा मिनिटांचे. उबुंटूचे ‘डॉकर डॉट आयओ’ पॅकेज आधीपासून असेल तर काढून टाका. डॉकरची सही तपासणारी चावी ‘एप्ट’च्या कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवा, त्यांची रिपॉझिटरी यादीत जोडा आणि यादी ताजी करा. मग पाच पॅकेजेस घ्या : डॉकर-सीई, त्याचे सीएलआय, कंटेनरडी, बिल्डएक्स आणि कंपोज. ‘हॅलो-वर्ल्ड’ ही इमेज चालवल्यावर स्वागताचा मजकूर दिसला की झाले. एका ओळीत सगळे बसवणारी स्क्रिप्टही मिळते. ती प्रयोगाच्या मशीनवर वापरावी, रोजच्या कामाच्या सर्व्हरवर नको.

आता मर्यादा. कंटेनर सुरू करताना मेमरी २५६ एमबी, सीपीयू अर्धा आणि प्रोसेसची संख्या ६४ अशी बंधने घाला. मशीनवर स्वॅप असेल तर ‘मेमरी-स्वॅप’चा आकडाही २५६ एमबीच ठेवा, नाहीतर मेमरीइतकाच स्वॅप वर मिळतो. परक्या कोडला इंटरनेटची गरज नसेल तर नेटवर्क ‘नन’ करा. मग मुद्दाम मेमरी खाणारा छोटा प्रोग्राम आत चालवून पाहा. कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडला आणि सर्व्हर निवांत राहिला, तर बंधन लागू आहे.

दोन सवयी टाळा. दरवेळी ‘सुडो’ लिहायचा कंटाळा येतो, म्हणून सगळ्यांना ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घेतले जाते. त्या ग्रुपातला माणूस सर्व्हरची अख्खी डिस्क कंटेनरला जोडू शकतो, म्हणजे तो रूटच झाला. दुसरी सवय ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉलवर विसंबण्याची. डॉकरने उघडलेला पोर्ट त्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून बाहेरच्यांना दिसतो. सेवा फक्त त्याच मशीनपुरती असेल तर पोर्ट १२७.०.०.१ या पत्त्याला बांधा.

एवढे करूनही कर्नल सर्वांचे सामाईकच राहते. त्यातच छिद्र निघाले तर कंटेनरची भिंत पुरत नाही, म्हणून कर्नलचे अपडेट थकवू नका.

पुढील भागात : कंटेनर पुसला तरी डेटा कसा टिकवायचा, आणि वाढत जाणाऱ्या लॉग फायलींनी डिस्क भरू नये म्हणून काय करायचे.