घर काळीवर, पाया मुरमावर

मे महिन्यात मोशी, चिखली, कुरुळी किंवा चाकणच्या शिवारात फेरफटका मारला, तर मोकळ्या प्लॉटवरच्या काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा सहज नजरेत भरतात. काही भेगांत हाताचा पंजा मावतो. जूनमध्ये दोन-तीन दमदार पाऊस झाले, की याच भेगा मिटतात, जमीन फुगते आणि चपलेला चिखलाचे गोळे चिकटू लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मातीचा गुणच आहे. जमीन आपली आपण उलथली जाते आणि ओल धरून ठेवते. पण त्याच जमिनीवर एक-दोन गुंठ्यांत घर बांधणाऱ्याला हा गुण महागात पडतो.

पीएफ काढून, गावाकडची जमीन विकून किंवा बँकेचे कर्ज घेऊन बांधलेल्या घराला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. दार चौकटीत अडकू लागते, फरशी मध्येच उचलल्यासारखी होते. ठेकेदार म्हणतो, घर बसते आहे. मालकाला वाटते, सिमेंट कमी पडले. पुष्कळदा दोघेही चुकतात. घर बसत नसते, खालची माती ते उचलत असते. आणि सगळीकडून सारखे न उचलल्यामुळे ते तडकते.

पांढरी आणि काळी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग दिसतात. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. घरे पांढरीत आणि शेती काळीत, ही विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि मग कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. कामगारांना घरे हवी होती. गावठाणे अपुरी पडली आणि वस्ती काळीवर सरकली.

या पट्ट्यात सगळीकडे सारखी जमीन नाही. माथ्यावर आणि टेकडीच्या उतारावर हात-दोन हात खाली मुरूम लागू शकतो. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठी, ओढ्यालगत आणि सखल भागात मात्र काळ्या मातीचा थर बराच जाड असू शकतो. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात खोल काळी माती, असेही होते. घराचा अर्धा भाग स्थिर आणि अर्धा हलता, ही सर्वांत वाईट स्थिती.

माती फुगते कशी?

दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला बेसॉल्ट. तो झिजून काळी माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. एकेका पत्त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी, आणि पत्ते एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा बंध कमकुवत. पाणी दोन पत्त्यांच्या मधे शिरते आणि त्यांना दूर सारते. या खनिजाच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरतो. पाणी धरायला एवढी जागा असल्यामुळेच माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते.

या फुगण्याचा जोर मोठा असतो. एकमजली घराच्या भिंतीखालच्या पायावर दर चौरस मीटरला साधारण पाच टनांच्या आसपास भार येतो. फरशीचा आणि कंपाउंडच्या भिंतीचा भार त्याहून कमी. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब मात्र चौरस मीटरला दहा-वीस टनांपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच या मातीत जड इमारतीपेक्षा हलक्या, बैठ्या घराचे हाल अधिक होतात.

घर बांधल्यावर आणखी एक गोष्ट घडते. घराखालच्या मातीवर ऊन पडत नाही, तिथली ओल उडून जात नाही, ती हळूहळू वाढत राहते. कडेची माती मात्र दर पावसाळ्यात भिजते आणि दर उन्हाळ्यात वाळते. त्यामुळे मध्यभाग वर येतो आणि कडा ऋतूप्रमाणे खाली-वर होतात. भेगेची रुंदी उन्हाळ्यात वेगळी आणि पावसाळ्यात वेगळी दिसते, ती यामुळे.

थंड देशांत बर्फ, इथे ओल

जमीन घर उचलते, ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. कॅनडा किंवा उत्तर युरोपात हिवाळ्यात जमीन गोठते आणि पाया वर ढकलला जातो. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे नऊ टक्के प्रसरण पावतो, एवढेच त्याचे कारण असावे, असा पूर्वी समज होता. १९३० च्या सुमारास अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी पाण्याऐवजी बेंझिनसारखा द्रव वापरून प्रयोग केले. हा द्रव गोठताना प्रसरण पावत नाही, उलट आक्रसतो. तरीही माती वर उचलली गेली. गोठणारा थर खालून द्रव ओढून घेतो, त्याचे थर साठत जातात आणि जमीन उचलली जाते, हे त्यातून दिसले.

तिथला उपाय साधा आहे. जमीन जितकी खोल गोठते, त्याच्याखाली पाया न्यायचा. टोरांटो परिसरात ही खोली सुमारे १.२ मीटर धरतात. पिंपरी-चाकणला जमीन गोठत नाही, पण तर्क तोच लागू पडतो. इथे जमीन जितकी खोल भिजते आणि वाळते, त्याच्याखाली पाया न्यायला हवा. खोल काळ्या मातीत हा ऋतुमानाचा परिणाम सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोहोचतो, असे भारतीय अभियंते धरून चालतात. तीन फुटांचा चर खणून भरलेला पाया म्हणूनच टिकत नाही.

आधी खड्डा, मग नकाशा

घर बांधण्यापूर्वी करायची पहिली गोष्ट म्हणजे चाचणी खड्डा. प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घेऊन काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, तो मऊ आहे की कडक, हे पाहायचे. शेजाऱ्याकडे मुरूम लागला म्हणून आपल्याकडेही लागेल, असे नसते.

खालचे न पाहता बांधण्याची किंमत कॅनडातल्या विनिपेगजवळच्या ट्रान्स्कोना येथे १९१३ मध्ये दिसली. तिथल्या प्रचंड धान्यकोठाराचा पाया चिकणमातीवर होता आणि जमिनीची चाचणी वरच्या, घट्ट थरावरच झाली होती. त्याखाली मऊ चिकणमाती होती. कोठारात धान्य भरल्यावर ते एका दिवसात जवळपास २७ अंशांनी कलले. पुढे कातळापर्यंत खांब नेऊन ते पुन्हा सरळ करण्यात आले. तिथे माती फुगली नव्हती, दबली होती. पण वरच्या थरावरून खालच्याचा अंदाज बांधू नये, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

माती किती फुगते, याची चाचणीही अवघड नाही. वाळवून बारीक चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने घेतात. एक मोजपात्रात ऊर्ध्वपातित पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये टाकून चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दोन्ही आकारमानांतला फरक टक्क्यांत मांडला, की फुगण्याचा निर्देशांक मिळतो. भारतीय मानकानुसार हा आकडा ५० पेक्षा कमी असेल तर धोका कमी, १०० ते २०० असेल तर जास्त आणि २०० च्या पुढे असेल तर फारच जास्त. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही चाचणी होते.

पाया कोणता?

मुरूम जवळ असेल, तर उत्तर सोपे आहे. सगळी काळी माती पार करून प्रत्येक फुटिंग कडक मुरमात टेकवायचे आणि सगळे कॉलम प्लिंथ बीमने एकमेकांना बांधायचे.

थर मध्यम जाडीचा असेल, तर पायाखालची माती काढून न फुगणाऱ्या चिकण मुरमाचा थर दाबून भरता येतो. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी हे तंत्र विकसित केले. सुमारे एक मीटर जाडीचा असा थर खालच्या मातीचे फुगणे बऱ्याच अंशी आवरतो. इथे निव्वळ वाळू भरणे चूक ठरते. वाळूत पाणी साठते आणि खालच्या काळ्या मातीला बाराही महिने पाजत राहते.

थर फारच खोल असेल, तर अंडररीम्ड पाइल हा पर्याय आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात तो खास काळ्या मातीसाठी विकसित केला. जमिनीत साडेतीन मीटर किंवा अधिक खोल भोक पाडून तळाशी कांद्यासारखा फुगवटा करतात. त्याचा व्यास साधारणपणे खांबाच्या अडीच पट असतो. मग त्यात सळई आणि काँक्रीट भरतात. वरची माती खांबाला उचलू पाहते, पण खालचा फुगवटा त्याला धरून ठेवतो. या पद्धतीत बीम आणि जमीन यांच्यामध्ये किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलत नाही. खर्च वाचवताना नेमकी ही मोकळी जागा बुजवली जाते.

कोणताही पाया निवडला, तरी खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नये. जोत्यात मुरूम पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मस करून भरावा. काँक्रीट किमान एम-२० दर्जाचे हवे, फुटिंगच्या सळईवर सर्व बाजूंनी ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे आणि पीपीसी सिमेंट वापरले असेल तर किमान दहा दिवस पाणी मारायला हवे. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री काँक्रीट सावकाश घट्ट होते, त्यामुळे फळ्या काढण्याची घाई करू नये.

खोल चर खणताना माणसांचीही काळजी घ्यावी लागते. कोरड्या काळ्या मातीची उभी भिंत भक्कम वाटते, पण एका पावसानंतर ती भेगेवरून सुटून कोसळते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या पुढे असते. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय मजुरांना आत उतरवू नये, आणि काढलेली माती चराच्या काठावर रचू नये.

बांधून झाल्यावर

चांगला पायाही पाण्याकडे दुर्लक्ष केले तर त्रास देतो. छपराचे पाणी पाइपातून थेट जोत्याशी सोडणे, न्हाणीघराची गळकी पाइपलाइन, भिंतीलगतचा शोषखड्डा आणि जोत्याला लागून रोज पाणी घातलेली बाग ही नेहमीची कारणे. घराभोवती किमान एक मीटर, शक्य असेल तर दोन मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करावा. मोठी झाडे घरापासून दूर लावावीत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढून ती आक्रसवतात.

याचा आरोग्याशीही संबंध आहे. हलत्या मातीत पाइपचे सांधे निखळतात, सांडपाणी जमिनीत मुरते आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनीही फुटलेली असेल तर दूषित पाणी तिच्यात शिरू शकते. भेगांतून आत आलेली ओल भिंतींवर बुरशी वाढवते. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहे.

घराला आधीच तडा गेला असेल, तर तो लगेच बुजवून रंग देऊ नये. भेगेवर आडवी पेन्सिलची खूण करून तारीख लिहावी आणि वर्षभर दर महिन्याला तिची रुंदी मोजावी. भेग ऋतूप्रमाणे उघडमीट करत असेल, तर दोष बहुधा मातीतल्या पाण्याचा आहे, आणि आधी गळती, उतार आणि शोषखड्डा सुधारायला हवा. भेग सतत वाढतच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला उशीर करू नये. ज्यांचा पाया अजून भरायचा आहे, त्यांनी ठेकेदाराला दर विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: मुरूम किती खोलीवर लागला, आणि तो तुम्ही खड्ड्यात उतरून पाहिला का?