छोट्या कारचे ब्रेक ट्रॅक डेसाठी कसे तयार कराल? खर्च कुठे करायचा, कुठे नाही

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंद सर्किटवर मनसोक्त पळवायची. मी माझी जुनी स्विफ्ट घेऊन पहिल्यांदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गेलो, तेव्हा सगळा अभ्यास इंजिन आणि टायरचा केला होता. ब्रेक? ते तर रोज लागतातच की!

पाचव्या लॅपला वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. पटापट पंप केल्यावर थोडा ब्रेक लागला आणि गाडी ट्रॅकबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही, पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते. चूक माझीच होती. तीन वर्षांत ब्रेक ऑइल बदललंच नव्हतं.

नेमकं काय होतं?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. चालकासकट १००० किलोची कार १२० वरून ६० किमी वेगावर आणली, की साधारण ४ लाख १७ हजार ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं सव्वा लिटर पाणी उकळायला लागेल! आणि हे सगळं दोन-तीन सेकंदांत, प्रत्येक लॅपला पुन्हा पुन्हा. शहरात ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर मिळत नाही. पुढच्या डिस्कवर सगळ्यात जास्त भार येतो, कारण ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतो

१. पेडल मऊ पडतं, खाली जातं: ऑइल उकळलं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

२. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही: पॅड जास्त तापले, त्यांची पकड गेली.

हा फरक लक्षात ठेवा, म्हणजे पैसे चुकीच्या जागी जाणार नाहीत.

आधी ऑइल

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणून ट्रॅकला जाण्याआधी ताजं, सीलबंद डब्यातलं ऑइल भरा आणि चारही चाकांची हवा काढून घ्या. एक सावधानता: डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नाही.

मग पॅड

जास्त तापमान सहन करणारे पॅड पुढे बसवा. पण पूर्ण रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीत नकोत. ते थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटवर पहिल्याच ब्रेकला घाम फुटेल! रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालतील असे पॅड घ्या. थोडा आवाज आणि धूळ सहन करावी लागते. नवे पॅड कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने डिस्कवर बसू द्या, मगच जोर लावा.

मोठी डिस्क हवीच का?

बहुतेकांना नको. पहिल्याच जोरदार ब्रेकला एबीएस थरथरत असेल, तर चाक लॉक करायची ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आहेच. पुढची मर्यादा टायरची आहे. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, हे खरं. पण ती लहान रिममध्ये मावत नाही, चाकाचं वजन वाढवते आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बिघडवू शकते. भोकं पाडलेली डिस्क दिसायला भारी, पण सतत तापल्यावर भोकांपाशी तडे जाऊ शकतात.

ट्रॅकवर फुकटचे उपाय

• तीन-चार जोरदार लॅप झाले की एक लॅप हळू मारा.
• थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावा.
• पेडल जरा जरी मऊ वाटलं, तर लगेच पिटमध्ये या. "अजून एकच लॅप" नको.
• पॅडची जाडी जाण्याआधी आणि परतताना, दोन्ही वेळा बघा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी गाडी वापरणं बसत नाही. आपली पॉलिसी आधी वाचा.

पुढच्या वेळी मी फक्त ताजं ऑइल आणि नवे पॅड घालून गेलो. डिस्क कंपनीचीच होती. पेडल दिवसभर कडक राहिलं. आणि मुख्य म्हणजे, त्याच ब्रेकवर मला घाट उतरून पुण्याला घरी यायचं होतं.